करड्या इतिहासात पिवळी मारबत ओळखायची कशी?

१/८
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. नावातच रंग असलेल्या या मिरवणुकीचे कृष्णधवल छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. पिवळी कशी ओळखाल? आजचा थ्रेड रंगीत छायाचित्रांविषयी आणि आपल्या एका जुन्या पूर्वग्रहाविषयी.

२/८
गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल, अशी कलाजगताची दीर्घकाळ धारणा होती. रंग जाहिरातींसाठी आणि घरगुती अल्बमसाठी! वॉकर इव्हान्स यांच्यासारख्या मातब्बर अमेरिकन छायाचित्रकारानेही रंगीत छायाचित्रण अभिरुचीहीन ठरवले होते. गंमत म्हणजे आयुष्याच्या अखेरीस तेच पोलरॉइडवर रंगीत छायाचित्रे टिपू लागले.

३/८
१९७६. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्की यांनी विल्यम एगल्स्टन यांची रंगीत छायाचित्रे मांडली. विषय काय, तर मेम्फिस परिसरातील रोजचे जगणे. अगदी लहान मुलाची तीनचाकी सायकलसुद्धा. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक हिल्टन क्रेमर यांनी ती कंटाळवाणी ठरवली. आज तेच प्रदर्शन छायाचित्रकलेतील निर्णायक वळण मानले जाते.

४/८
आपल्याकडे हा आग्रह रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी धरला. भारतीय दृष्टीला रंग परका नाही, तो जगण्याचाच भाग आहे, ही त्यांची भूमिका. मुंबईच्या रस्त्यांवरचे त्यांचे पुस्तक १९९४ साली आले.

५/८
माझे मत स्पष्ट आहे: रंग हा अलंकार नव्हे, पुरावा आहे. दीक्षाभूमीवर लहरणारा निळा झेंडा करडा झाला, की त्या निळाईत सामावलेला अर्थच चित्रातून निघून जातो.

६/८
१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची कृष्णधवल छायाचित्रे अमोल आहेतच. तक्रार त्यांच्याविषयी नाही, आपल्या सवयीविषयी आहे. करडे दिसले की 'ऐतिहासिक', रंगीत दिसले की 'घरातले जुने फोटो'! काहीजण तर रंगीत फोटोला करडा फिल्टर लावून त्याला 'इतिहास' बनवतात.

७/८
धोका इथेच आहे. १९७०-८० च्या दशकांतील अनेक रंगीत प्रतींमधले निळसर रंगद्रव्य आधी विरते आणि फोटो तांबूस पडतो. उष्णतेने हा ऱ्हास वाढतो. नागपूरचा मे महिना आठवा. नीट धुतलेली कृष्णधवल प्रत त्याहून अधिक टिकते. म्हणजे आजोबांचा काळ उरेल, आईबाबांचा आधी पुसला जाईल.

८/८
म्हणून या रविवारी अल्बम उघडा. लग्नसमारंभांपलीकडे पाहा: सीताबर्डीवरची दुकानाची पाटी, संत्र्यांची टोपली, अंगणातली लुना. स्कॅन करा, रंग सुधारण्याआधीची मूळ फाइल जपा. प्रतीमागे पेन्सिलीने हलकेच वर्ष व ठिकाण लिहा आणि ती थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. पुढच्या पिढीला पिवळी मारबत पिवळीच दिसली पाहिजे.