अटक, आरोप आणि सीमेवरचा प्रश्न

ब्रिटिश पारपत्र हाती आले की अमेरिकन वकिलातीसमोरील रांग कायमची संपली, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. बहुतेकांच्या बाबतीत तो खराही ठरतो. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत ब्रिटन १९८८ पासून, म्हणजे अगदी आरंभापासून आहे. जानेवारी २००९ पासून या योजनेखाली प्रवास करण्यासाठी ‘एस्टा’ ही ऑनलाइन पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. तिचे शुल्क सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस २१ वरून ४० डॉलर झाले, तरी व्हिसाच्या तुलनेत ते किरकोळच. अर्ज घरबसल्या भरावा, दोन वर्षांची परवानगी मिळवावी आणि प्रत्येक खेपेस ९० दिवसांपर्यंत राहून यावे, इतके हे सोपे आहे.

ज्याच्या आयुष्यात कधीकाळी एखादी अटक झाली आहे, त्याच्यासाठी मात्र हाच अर्ज एका प्रश्नापाशी अडखळतो. विद्यार्थिदशेत पबबाहेर झालेली बाचाबाची, गांजाच्या एका पुडीवरून घडलेली पोलीसचौकीची वारी, भारतात घटस्फोटाच्या वादातून दाखल झालेली तक्रार, अशी प्रकरणे सुशिक्षित, स्थिरस्थावर कुटुंबांतही असतात. त्यांच्याविषयी उघड बोलले जात नाही, इतकेच. खटला उभा राहिला नाही किंवा निर्दोष मुक्तता झाली, म्हणजे विषय संपला, असे आपण मानतो. सीमेवरचा कायदा तसे मानीलच, याची शाश्वती नाही.

एस्टाच्या अर्जात विचारले जाते, की मालमत्तेची गंभीर हानी अथवा व्यक्तीला किंवा शासकीय यंत्रणेला गंभीर इजा झालेल्या गुन्ह्यात आपल्याला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे काय? अमली पदार्थविषयक कायद्याचा भंग आपण कधी केला आहे काय, हा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या प्रश्नातील ‘गंभीर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दुकानातील किरकोळ चोरीच्या संशयावरून झालेली अटक त्यात बसत नाही, असे प्रामाणिकपणे म्हणता येते. दुसऱ्या प्रश्नात मात्र अटकेचा उल्लेखच नाही. कायदाभंग पुरेसा आहे, मग पोलिसांना त्याचा पत्ता लागलेला असो वा नसो.

अर्जातील प्रश्न एवढा मर्यादित असताना लंडनमधील अमेरिकन वकिलातीचा सल्ला कितीतरी व्यापक आहे. ज्यांना कधीही अटक झाली आहे, त्यांनी शिक्षा झालेली नसली तरी व्हिसाविना प्रवासाचा प्रयत्न करू नये, व्हिसासाठीच अर्ज करावा, असे वकिलात सांगते. ठरावीक काळानंतर जुन्या शिक्षांचे ओझे उतरवणारा १९७४ चा ब्रिटिश पुनर्वसन कायदा अमेरिकन व्हिसा कायद्याला लागू होत नाही, हेही ती स्पष्ट करते.

या विसंगतीमागे कारण आहे. एस्टा म्हणजे विमानात बसण्याची परवानगी. देशात प्रवेशाचा निर्णय विमानतळावरील अधिकारी घेतो आणि तो अर्जाबाहेरचे प्रश्नही विचारू शकतो. त्यातच व्हिसामाफीखाली येणारा प्रवासी, आश्रयाचा दावा वगळता, त्या अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आधीच सोडून देतो. रांग टाळण्याची खरी किंमत ही आहे. माहिती दडवण्याचा परिणाम त्याहून कठोर असतो. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास प्रवेशबंदी आजन्म असते आणि पुढे प्रत्येक वेळी विशेष सवलतीची याचना करावी लागते. ज्या मूळ अटकेमुळे कदाचित काहीच बिघडले नसते, ती लपवल्यामुळे सारे बिघडते.

अमेरिकन कायद्यात नैतिक अधःपतनाच्या आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांबाबत दोषसिद्धीइतकेच वजन कबुलीलाही असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध पाककलालेखिका नायजेला लॉसन यांना हीथ्रोवर लॉस एंजेलिसच्या विमानात चढू दिले गेले नाही. त्यांच्यावर ना आरोप होता, ना खटला. दुसऱ्यांवर चाललेल्या खटल्यात साक्ष देताना त्यांनी अमली पदार्थाच्या सेवनाची कबुली दिली होती, एवढेच. म्हणून ब्रिटिश पोलीस ‘कॉशन’ घेऊन प्रकरण मिटवू म्हणतात, तेव्हा सावध राहावे. गुन्ह्याची कबुली दिल्याखेरीज कॉशन मिळत नाही. घरी लवकर जाण्याच्या घाईत केलेली ती सही पुढे अटकेपेक्षा जड जाऊ शकते.

अमेरिकेत व्हिसावर राहणारेही यातून सुटलेले नाहीत. गेल्या पाच वर्षांत मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल अटक झाली असेल, तर खटल्याच्या निकालाची वाट न पाहता व्हिसा रद्द करण्याचा अधिकार वकिलाती २०१५ पासून वापरत आहेत.

हे अपरिहार्य आहे काय? युरोपीय संघाच्या नियोजित ‘एटिअस’ परवानगीत विचारणा होणार आहे ती गंभीर गुन्ह्यांत झालेल्या शिक्षेची, आणि तीही ठरावीक काळातील. ब्रिटनच्या ‘ईटीए’चे मुख्य निकषही बारा महिने वा अधिक कारावासाची शिक्षा आणि गेल्या बारा महिन्यांतील दोषसिद्धी हेच आहेत. म्हणजे सुरक्षितता सांभाळूनही अटक आणि दोषसिद्धी यांतील भेद राखता येतो.

खेदाची बाब अशी, की भारताचे पाऊल उलट दिशेने पडले आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा व्हिसाविना होणारा सर्वांत महत्त्वाचा प्रवास मायदेशाचा असतो आणि तो ओसीआय कार्डावर अवलंबून असतो. ऑगस्ट २०२५ मधील गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेनुसार दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाल्यास, किंवा सात वर्षे वा अधिक कारावासाची तरतूद असलेल्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाल्यास, ही नोंदणी रद्द होऊ शकते. आरोपपत्र म्हणजे तपासयंत्रणेचे म्हणणे. न्यायालयाने पुरावा तपासण्याआधीची पायरी. विवाहितेच्या छळाच्या कलमाखाली कमाल शिक्षा तीन वर्षांची असल्याने ते एकटे या कक्षेत येत नाही. मात्र फसवणूक करून मालमत्ता हडपण्याच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत, तर मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीकरणाला त्याहून अधिक शिक्षेची तरतूद आहे. वडिलोपार्जित जमिनीच्या भाऊबंदकीत हीच कलमे सर्रास लावली जातात. आदेशापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी कायद्याने दिली आहे. पण परदेशी बसलेल्या माणसाला नोटीस वेळेत मिळणे आणि वकील उभा करणे किती कठीण असते, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा व्यवहारापुरते काही नियम पाळावेत. जुन्या अटकेची कागदपत्रे, आरोप मागे घेतल्याचे पत्र, निकालाची प्रत, जपून ठेवावीत. ब्रिटनमधील नोंदींसाठी ‘ॲक्रो’चे पोलीस प्रमाणपत्र मिळते, व्हिसासाठी ते लागतेच. अमेरिकेला जाण्याचे तिकीट काढण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. एस्टा नाकारला गेला तर ती नोंदही पुढील प्रत्येक व्हिसा अर्जात सांगावी लागते, म्हणून ‘भरून तर पाहू’ ही वृत्ती महागात पडते. मुलांनाही हे वेळीच समजावून सांगितले पाहिजे.

आरोप सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष, हे तत्त्व न्यायालयाच्या आवारात आजही मानले जाते. सीमेवर त्याची जागा संशयाने घेतली आहे, कारण तिथे प्रवेश हा हक्क नसून कृपा समजली जाते. परक्या देशाने असे वागावे, हे समजून घेता येते. आई-वडिलांच्या घराकडे जाणारी वाटही केवळ आरोपावर बंद व्हावी काय, हा प्रश्न मात्र ओसीआयधारकांच्या संघटनांनी दिल्लीला आताच विचारायला हवा.