कुपोषण नुसत्या डोळ्यांना दिसतं का?



आठवी-नववीच्या वर्गात एकदा विचारून बघा, "कुपोषित मूल कसं असतं?" उत्तर ठरलेलं : हडकुळं, खोल गेलेल्या डोळ्यांचं, मेळघाटातलं. मग विचारा, "आणि लठ्ठ मूल?" लगेच हशा पिकेल आणि चार माना एकाच बाकाकडे वळतील. म्हणजे मुलांच्या मते कुपोषण हा दूरच्या पाड्यावरचा गरिबीचा प्रश्न आणि लठ्ठपणा हा शेजारच्याचा खादाडपणा. स्वतःचा संबंध दोन्हीशी नाही!

ही समज त्यांनी आपल्याकडूनच उचलली आहे. गुटगुटीत मूल दिसलं की आपण म्हणतो, "खात्यापित्या घरचं आहे." बारीक मुलाला "काडी पैलवान" म्हणतो. आरोग्य मोजायचं ते अंगावरच्या मांसावरून, हे मूल घरातच शिकतं.

खरं तर शरीराला गरजेपेक्षा कमी मिळणं जसं कुपोषण, तसंच नको ते जास्त मिळणंही कुपोषणच. आणि दोन्ही एकाच मुलात असू शकतात. वडापाव, वेफर्स, थंड पेय यांनी पोट भरतं, वजनही वाढतं. पण लोह आणि प्रथिनं कमीच पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. या साऱ्या मुली काही हडकुळ्या नाहीत. म्हणूनच शाळेत लोहाची निळी गोळी मिळाली की "मी कुठे आजारी आहे?" असं म्हणून ती दप्तरात जाते. जी उणीव दिसत नाही, ती पटणार तरी कशी?

दुसरीकडे, जाडेपणावरून चिडवलेली मुलगी डबा न खाता परत नेते. आपल्याला वाटतं, बरं झालं, कमी खातेय. पण हेच वय उंची वाढण्याचं, हाडं भरण्याचं. उपाशी राहून ती निरोगी होत नाही, उलट एका कुपोषणातून दुसऱ्यात जाते. शिवाय लठ्ठपणामागे फक्त जीभ नसते. कमी झोप, बंद झालेला खेळ, तासन्‌तास मोबाईल, आनुवंशिकता ही कारणंही असतात.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत आहे, की पोषणाचा धडा शरीराच्या आकारापासून सोडवून ताटाशी जोडावा.

१. वजन-उंची घेताना आकडा मोठ्यानं वाचू नका. मोठ्यांचा बीएमआयचा तक्ता मुलांना लावू नका. त्यांच्यासाठी वय आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळे तक्ते असतात.

२. गणिताच्या तासाला पाकिटावरचं लेबल वाचायला द्या. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा. बाटलीतले चमचे मुलांनाच मोजू द्या.

३. गोळी उपाशीपोटी नको आणि तिच्यासोबत चहाही नको, हे सांगा. पालेभाजीवर लिंबू का पिळायचं, तेही समजावा. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

४. पालकांनो, "किती जाड झालीस" याऐवजी "आज काय खाल्लंस, किती खेळलीस?" असं विचारा.

परीक्षेत 'संतुलित आहार' या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवणारी मुलगी मधल्या सुट्टीत उपाशी बसत असेल, तर तो धडा शिकवून झाला असं आपण म्हणू शकत नाही.