शिरस्ता आणि शिरस्तेदार

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण हे तालुक्याचे ठिकाण. कर्नाटकातील इतर तालुक्यांप्रमाणे तेथील कचेरीतही तहसीलदाराच्या हाताखाली ‘शिरस्तेदार’ असतो. मोजक्या कारकुनांच्या कामावर देखरेख ठेवणारा हा अंमलदार भारतीय साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. ही उपेक्षा योग्य नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याचे पदनामच पाहावे. मूळ फारसी शब्द ‘सररिश्ता’. ‘रिश्ता’ म्हणजे धागा आणि ‘सर’ म्हणजे शीर वा टोक. तेव्हा शिरस्तेदार म्हणजे धाग्याचे टोक हाती धरणारा. मराठीने ‘शिरस्ता’ घेतला, परंतु त्यातील धागा हरवला. उरला तो प्रघात. कानडी कचेरीत ते पद आजही टिकून आहे. तेथील ‘पहणी’ हा जमिनीचा उताराही मराठी ‘पाहणी’शी नाते सांगतो. हैदरअलीच्या काळी म्हैसूरचे महसुली हिशेब कानडीबरोबर मराठीतही ठेवले जात, हे ध्यानात घेतले म्हणजे या नात्याचे आश्चर्य वाटत नाही.

व्युत्पत्तीपलीकडे यात कारभाराचा एक प्रश्न दडलेला आहे. लहान कचेरीचा प्रमुख कसा असावा? प्रघातालाच चिकटणारा प्रमुख ‘पूर्वापार असेच चालत आले आहे’ एवढेच सांगतो. मग कारकून त्याच्या सहीची वाट पाहतो आणि अर्जदार कारकुनाची. धागा धरणाऱ्यास मात्र कोणता कागद कोणाच्या टेबलावर व कशासाठी अडला आहे, हे ठाऊक असते. कारकुनाचा मसुदा सुधारताना तो शुद्धलेखनाबरोबर न्यायही तपासतो. याच तालुक्यात बैलकुप्पे येथे १९६१ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तंबाखू पिकविणारा कानडी शेतकरी असो की कानडी नव्याने शिकलेला निर्वासित, टिपणीतील एका संदिग्ध वाक्याने दोघांचेही काम सारखेच खोळंबू शकते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’ आपण मराठी गद्याचा नमुना म्हणून अभ्यासतो. तेही मुळात राज्यकारभाराचेच लेखन. मग आजच्या कचेरीतील टिपणी, शेरा व मसुदा यांना भाषाविचाराबाहेर का ठेवावे? ज्या गद्यावर सामान्य माणसाची जमीन अवलंबून असते, त्याकडे पाठ फिरविणे विद्वत्तेस शोभत नाही. धागा धरणे हे शिरस्तेदाराचे काम. त्या धाग्याला कोणत्या भाषेचा पीळ आहे, हे पाहणे आपले.