भिंतीत न मावलेली नावं

डिसेंबरात मामांच्या तपासणीसाठी लातूर एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कुलाब्याच्या 'अश्विनी' रुग्णालयात सकाळी काम उरकलं. रिपोर्ट चारला मिळणार होता, म्हणून जवळच्या अफगाण चर्चमध्ये गेलो. आम्हा निलंगेकरांना नीलकंठेश्वराचं दगडी देऊळ अंगवळणी पडलेलं. इथं चपला काढायच्या की नाही, यावरच आमचं अडलं. मामांनी काढल्याच.

आत गारवा, रंगीत काचांतून झिरपणारा उजेड आणि रांगेनं लाकडी बाकं. बाकांना खाचा होत्या. मामांनी एका खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रायफल टेकवायला हाय ही." देवापुढं बसतानाही हत्यार हाताशी हवं, अशी ती वेळ होती.

हे चर्च म्हणजे मुळात युद्धस्मारक. १८४७ मध्ये पायाभरणी झाली, १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं, १९८ फुटी मनोरा पुढं १८६५ मध्ये पुरा झाला. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत पडलेल्यांसाठी ते बांधलं. त्या अफगाण मोहिमेतच जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेल्या इंग्रजी फौजेत साडेचार हजारांच्या आसपास सैनिक होते, त्यातले बहुतेक हिंदी शिपाई. मागं बारा हजारांवर बाजारबुणगे. आठवड्याभरात बर्फानं आणि गोळ्यांनी ती फौज संपली. त्या फौजेतला डॉक्टर ब्रायडन जखमी घोड्यावरून जलालाबादला पोचला, त्याची गोष्ट जगभर झाली. पानिपत ठाऊक असलेल्या मराठी माणसाला बाजारबुणग्यांचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

मामा भिंतीवरच्या पाट्या बघत होते. इंग्रजी जेमतेम, पण हुद्दे पक्के पाठ. कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट असं पुटपुटत शेवटपर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ही समदी सायबंच दिसायलेत. जवान कुठं हायत?"

जवानांचा उल्लेख आहे, पण वेगळा. अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरली आहेत; हवालदार-शिपाई मंडळी इतकी जास्त की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही, अशा अर्थाचा मजकूर तिथं आहे. मी तो मराठीत सांगितला. मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मावत न्हाईत म्हणं! भिंत वाढवायची की मग."

परतीच्या गाडीत हसू येत होतं आणि येतही नव्हतं. गोऱ्या साहेबाला नावं ठेवणं सोपं आहे, पण आपल्याकडं काय आहे? आजोळच्या वेशीत एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत तलवार उपसलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत पिंडीपुढं हात जोडून बसलेला तोच. कडेला चंद्र-सूर्य. बायका शनिवारी त्यावर तेल घालतात, शेंदराचे थर चढून त्या वीराचं नाक-डोळे कधीच बुजलेत. चर्चमध्ये साहेबांची नावं आहेत, पण तिथल्या दगडावर हात फिरवणारं कुणी नाही. आमच्या वीराला शेकडो वर्षं हात लागतोय, पण तो कुणाचा कोण, हे गावाला ठाऊक नाही.

फार जुनं कशाला? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट घ्या. किल्लारीला भूकंप झाला, निलंगा तालुक्यातलीही घरं बसली. ढिगारे उपसायला, प्रेतं काढायला जवान आले. त्या दिवसांबद्दल आजही कुणालाही विचारा, "मिलिटरीवाले आले" एवढंच उत्तर येतं. एकाचं तरी नाव आठवतं का? खुद्द मामांना गावात नावानं कुणी हाक मारत नाही. पोरं 'फौजी आजोबा' म्हणतात, मोठी माणसं 'फौजी' म्हणतात, किराणा दुकानाच्या वहीत उधारीसुद्धा 'फौजी' याच नावावर. आदरच आहे तो. पण त्या आदरात माणूस तेवढा बुजून गेला, शेंदराखालच्या वीरासारखा.

म्हणून शाळेत गुरुजींना भेटलो. गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं भिंतीवर लिहायची ठरली. वीरमरण आलेल्यांची आणि हयात असलेल्यांचीही, हुद्द्याची उतरंड न लावता अकारविल्हे. तुम्ही विचाराल, मग मामांचं नाव या लेखात का नाही? त्यांचीच ताकीद आहे, "आधी भिंतीवर, मंग पेपरात."

परवा २६ जानेवारीला झेंड्याखाली गुरुजींनी ती यादी पहिल्यांदा माईकवरून वाचली. मामांचं नाव आलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट. मामा जागचे हलले नाहीत. मग त्यांनी मान वळवून मागं पाहिलं, कुणाला बोलावलं म्हणून.