‘वासच तर गेलाय ना?’

कोविडनंतर ज्यांचा वास गेला, त्यांना आपण सगळ्यांनी मिळून एकच वाक्य ऐकवलं : “वासच तर गेलाय ना, जीव तर वाचला!” हे वाक्य मी महिनोन्‌महिने ऐकलंय, म्हणून सांगतो. याला धीर देणं म्हणत नाहीत. समोरच्याचं तोंड गोड बोलून बंद करणं म्हणतात.

मराठीला वासाचं केवढं कौतुक! खमंग, खवट, कुबट, करपट, दर्प, घमघमाट. आंधळ्याला शब्द आहे, बहिऱ्याला आहे. ‘नकटा’सुद्धा आहे, पण तो नाकाच्या आकारावरून चिडवायला. ज्याला वासच येत नाही, त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यात शब्द नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांतही तो नाही.

किरकोळ म्हणता? मग गॅसचं बघा. एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं इथाइल मरकॅप्टन मिसळतात. म्हणजे घरोघरची सुरक्षा नाकाच्या भरवशावर आहे. दूध नासलंय, वायर जळतेय, भाजी लागलीय, हेही नाकच सांगतं. स्वयंपाक जिच्या गळ्यात पडलाय, त्या बाईचा वास गेला तर घर तिची विचारपूस करत नाही, “आज आमटीला काय झालंय?” एवढंच विचारतं.

‘चव गेली’ म्हणतो तेव्हाही बहुतेकदा गेलेलं असतं नाकच. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. घास चावताना त्याचा गंध घशामागून नाकात चढतो, तेव्हा कुठे हापूस आणि पायरी वेगळे लागतात.

आणि उपाय काय फिरले? संत्रं जाळून साखरेबरोबर खा! खरी माहिती मात्र फॉरवर्ड झाली नाही. हा विषाणू मुख्यतः गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. गंधपेशी नव्याने तयार होऊ शकतात, म्हणून आशा असते. पण वास परतताना गडबड होते. कांदा, लसूण, कॉफी सडक्या वाटतात. याला पॅरोस्मिया म्हणतात. ही नाटकं नाहीत, नखरे नाहीत.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली एक सराव मांडला : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. हमखास गुण येतो असं नाही, पण सराव करणाऱ्यांमध्ये सुधारणा जास्त दिसली. लवंग डब्यात असते, लिंबू फ्रीजमध्ये. इतक्या स्वस्त इलाजाची जाहिरात कोण करणार? निदान डॉक्टरांनी तरी तो सांगावा. मला “येईल हळूहळू” एवढंच सांगून घरी पाठवलं होतं. लाटेच्या दिवसांत डॉक्टर प्राण वाचवत होते, हे मान्य. पण लाट ओसरूनही वर्षं झाली.

तेव्हा कुणी “वास येत नाही” म्हणालं, तर किती दिवस झाले ते विचारा. शेगडीची नळी तपासून द्या. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे सोबत जा. जीव वाचलाय हे त्याला ठाऊक आहे. ते तुम्ही सांगायची गरज नाही.