मुक्या जिवाची अमानत

क्रॉफर्ड मार्केटमधून हौसेने आणलेले लाल पट्ट्याचे कासवाचे पिल्लू पुढे मलूल होते, पाठ मऊ पडते. कवच म्हणजे हाडच. त्याला कॅल्शियम हवे. पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा सोडावा, काट्यांसकट बारीक ताजे मासे द्यावेत. मात्र उन्हावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही आणि काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. चाळीच्या गॅलरीत सकाळी टब मांडावा, एक कोपरा सावलीत ठेवावा. पाठ दाबली जात असेल तर परळचे जनावरांचे बाई साकरबाई इस्पितळ गाठावे. स्टार कासव पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच. मुक्या जनावरांबाबत अल्लाहचे भय बाळगा, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण. आम्ही एवढेच म्हणू: ऊन देता येत नसेल, तर पिल्लू आणूच नये.