ताप एक, तपासण्या तीन

दारव्हा परिसरात पावसाळा लागला की निंदणाची मजुरी आणि थंडीताप बरोबरच येतात. मजुरी बुडू नये म्हणून आमच्या कित्येक माता-भगिनी दुकानातून दोन गोळ्या आणून गिळतात आणि पुन्हा शेतात जातात. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे: आधी रक्त तपासा, मग गोळी घ्या.

हिवतापाचे जंतू रक्तातील तांबड्या पेशींत वाढतात. १८८० साली लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टराने ते अल्जीरियात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ती पद्धत आजही चालते. बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचे दोन लेप देतात. जाड लेपात थोडे जंतूही सापडतात, तर पातळ लेपात त्यांची जात ओळखता येते. लेपासाठी आपल्याकडे वापरतात तो जेएसबी रंग जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या भारतीय संशोधकांचा. मात्र या तपासणीला सरावलेली नजर लागते, वेळही लागतो.

दुसरी तपासणी किटची. जंतूंनी रक्तात सोडलेली प्रथिने किट ओळखते आणि १५ ते २० मिनिटांत उत्तर देते. वीज लागत नाही, म्हणून गडचिरोलीच्या जंगलातील गावांत आशाताईंना तिचा मोठा आधार आहे. पण जंतू फारच थोडे असले तर किट चुकते. शिवाय फॅल्सिपॅरमचे प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणून औषध लागू पडले की नाही, हे काचपट्टीच सांगते.

तिसरी पीसीआर. ती जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधते आणि अत्यल्प जंतूही पकडते. पण ती महाग आहे, मोठ्या प्रयोगशाळेतच होते. रोजच्या तापाला तिची वाट पाहण्याचे कारण नाही.

तपासणी कोणतीही असो, जंतूची जात अवश्य विचारा. व्हायव्हॅक्स यकृतात दडून राहतो आणि ताप उलटतो. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते. गरोदर स्त्रियांना व तान्ह्या बाळांना मात्र ती देत नाहीत. फॅल्सिपॅरम मेंदूवर गेला तर जीवावर बेततो. त्याचे औषध वेगळे.

आणि पहिल्या तपासणीत काही निघाले नाही, पण थंडी वाजून ताप येतच राहिला, तर घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन पुन्हा रक्त द्या. तेथे ही तपासणी मोफत होते. एका दिवसाची मजुरी पुन्हा मिळेल, घरचे माणूस मिळणार नाही.